निवाडगंजाची वहिवाट : जबलपूरच्या महापौरांस खुले पत्र

माननीय महापौर,
जबलपूर महानगरपालिका, यांस



कोतवालीपासून कमानिया दरवाजापर्यंत आणि बडा फुहाऱ्याच्या चौकातून निवाडगंज, गंजीपुरा, अंधेरदेव यांच्या गल्ल्यांत पसरलेला जो आपला जुना बाजार, त्याचा विषय अलीकडे निघतो तो बहुधा गर्दीच्या, वाहनांच्या आणि अतिक्रमणाच्या निमित्तानेच निघतो. आणि आपल्या कचेरीत त्याविषयी येणारे अर्जही रस्ता रुंद करा, हातगाड्या हलवा, वाहनतळाची सोय करा, अशाच मजकुराचे असणार. त्या अर्जांच्या चळतीत एक निराळा अर्ज पडावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे. या बाजाराला फार जुना इतिहास आहे. त्या इतिहासात राज्यकर्ते बदलले, कर बदलले, रस्ते बदलले, पण आपल्या शेतातला माल आपल्या हाताने विकायला येणारा माणूस मात्र प्रत्येक अमदानीत त्याच जमिनीवर बसत आला. संसदेने २०१४ साली केलेल्या पथविक्रेत्यांच्या कायद्यात, पन्नास वर्षांहून अधिक काळ जेथे विक्रेते व्यवसाय करीत आले आहेत अशा बाजाराला वारसा-बाजार म्हणून घोषित करावे आणि तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये, अशी स्पष्ट तरतूद आहे. तिचा लाभ या बाजाराला, आणि विशेषेकरून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या लहान उत्पादकाला, नावानिशी व जागेनिशी मिळावा. आणि या बाजाराचा साधार इतिहास महानगरपालिकेने लिहवून घ्यावा. एवढीच माझी विनंती आहे. पुढे जे लिहितो ते तिच्या समर्थनार्थ.

जबलपुरातील मराठी कुटुंबांपैकी कोणी सागरच्या मामलतीबरोबर इकडे आले, कोणी रेल्वेच्या, कोर्टकचेरीच्या किंवा १९०४ साली निघालेल्या तोफगाड्यांच्या कारखान्याच्या नोकरीवर आले. आम्हांपैकी शेती करणारे थोडे आणि व्यापार करणारे त्याहूनही थोडे. तेव्हा बाजाराची कैफियत मराठी माणसाने का मांडावी, असा प्रश्न कोणी केला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर असे की, १७८१ साली गढा-मंडल्याच्या राजवंशातील अखेरचा राजा पदच्युत झाल्यावर पेशव्यांच्या वतीने सागरचा कारभार पाहणाऱ्या मराठ्यांनीच नर्मदेच्या खोऱ्यातील आपले मुख्य ठाणे म्हणून जबलपूरची निवड केली आणि येथे शिबंदी ठेवली. पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हवाली केला, आणि १८१७ च्या डिसेंबरात झालेल्या लढाईनंतर तो इंग्रजांकडे गेला. जेथे कचेरी व शिबंदी बसते तेथे दाणागोटा, चारा, भाजीपाला आणि कापड यांची नित्याची गरज उत्पन्न होते, आणि गरजेपाठोपाठ बाजार येतो. ज्या अमदानीने या गावाला ठाण्याची प्रतिष्ठा दिली तिचे जमाखर्च मराठीत, मोडी लिपीत लिहिले गेले; ते वाचता येणाऱ्यांची संख्या दिवसेंदिवस घटत असताना त्यांचे ऋण आमच्याच खात्यावर राहते, अशी माझी समजूत आहे.

परंतु या प्रदेशातील बाजाराची लिखित साक्ष मराठ्यांपाशी सुरू होत नाही. पूर्वी जबलपूर जिल्ह्यात आणि आता कटनी जिल्ह्यात असलेल्या बिल्हारी गावी त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या काळचा, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला एक मोठा शिलालेख सापडला. नोहला राणीने बांधलेल्या शिवालयाच्या निमित्ताने त्यात राजवंशाची स्तुती, तपस्व्यांची परंपरा, देणग्यांची गावे असा सर्व थाट आहेच. पण मला त्यातील सर्वांत मोलाच्या वाटतात त्या अखेरीच्या रूक्ष ओळी. नगराच्या मंडपिकेत, म्हणजे जेथे माल येऊन मोजला जाई त्या स्थळी, मिठाच्या प्रत्येक खंडिकेमागे एक षोडशिका, तेलाच्या घाण्यामागे महिन्याला एक षोडशिका, सुपारी, मिरी, सुंठ अशा मालावर अमुक, भाजीपाला आणि वांगी विकणाऱ्याकडून तमुक, घोडा विकला तर दोन पौर आणि हत्ती विकला तर चार पौर, असा देवालयासाठी ठरवून दिलेला बाजारकर तेथे दगडावर कोरलेला आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदींच्या शिलालेखांचा जो थोर संग्रह १९५५ साली प्रसिद्ध केला, त्यात हा लेख विद्वानांना सहज उपलब्ध आहे. हत्तीच्या व्यापाऱ्याच्या पंक्तीला वांगी विकणारा बसलेला आहे आणि दोघांचाही कर राजाच्या पदरच्या कवीने एकाच गांभीर्याने नोंदवला आहे, हे वाचताना मन थांबते. हजार वर्षांपूर्वी ज्याच्या टोपलीवर कर बसवला गेला, त्याच्या बसण्याच्या जागेला राज्यसत्तेने तेव्हाच मान्यता दिली होती. कारण मान्यता नसलेल्या माणसाकडून नियमाने कर कोणीच घेत नाही.

मराठ्यांच्या काळी या कराला निराळी चौकट मिळाली. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने १८२७ च्या अहवालात भोसल्यांच्या मुलखातील वसुलाची तपशीलवार हकीगत दिली आहे. काळीचा म्हणजे शेतजमिनीचा धारा एकीकडे; आणि पांढरीवर म्हणजे गावठाणात राहून वाणीपणा, विणकाम, कारागिरी करणाऱ्यांवर बसवलेला पांढरीचा कर दुसरीकडे; शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर सायर. पांढरीचा हा कर इंग्रजांनाही इतका सोयीचा वाटला की त्यांनी तो मध्यप्रांतात पुढे कित्येक वर्षे चालू ठेवला. या व्यवस्थेत भाजी विकणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती मोठी चमत्कारिक होई. काळीचा धारा भरून तो शेतातून निघे आणि बाजाराच्या वेशीवर सायरचा धनी होई. तो ना पुरता पांढरीचा, ना पुरता काळीचा. आज महानगरपालिकेच्या लेखी तो फेरीवाला असतो आणि कृषी खात्याच्या लेखी शेतकरी, आणि दोन्ही दफ्तरांना जोडणारी ओळ कोठेच नसते. दोन वह्यांच्या मध्ये सापडलेला हा माणूस भोसल्यांच्या काळापासून तसाच सापडलेला आहे.

जबलपूरला व्यापारी महत्त्व आले ते मात्र मुख्यतः रस्त्यामुळे. गंगेकाठच्या मिर्झापुराहून निघून रीवा, जबलपूर, सिवनी या मार्गाने नागपूरकडे उतरणारा दख्खनचा थोरला रस्ता येथून जातो. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून याच वाटेने शेकडो कोस चालत मिर्झापूरच्या बाजारी जाई. वाटेत पाऊस लागला की गोण्या भिजत, वजन वाढे आणि बैल बसत. या वाटेवरच ठगांचा उपद्रव होता आणि त्याच्या निर्मूलनासाठी ज्याचे नाव घेतले जाते तो विल्यम स्लीमन जबलपुरातच दीर्घकाळ होता, हे सर्वश्रुत आहे. त्याची एक दुसरी गोष्ट मला येथे अधिक प्रस्तुत वाटते. १८३३ च्या टंचाईत, सागरचा कारभार त्याच्याकडे असताना, धान्याचे भाव सरकारने बांधून द्यावेत आणि व्यापाऱ्यांची पेवे उघडावीत असा लकडा छावणीतील अधिकाऱ्यांनी त्याच्यामागे लावला. त्याने तो मानला नाही. उलट पेवांवर पहारे बसवले आणि भाव बाजारावर सोडले. आपल्या आठवणींच्या १८४४ सालच्या ग्रंथात त्याने या निर्णयाचे समर्थन विस्ताराने केले आहे. त्याच्या अर्थशास्त्राविषयी मतभेद राहतील. मला जे खटकते ते असे की, या सर्व वादात पेवाचा मालक आहे, छावणीतील गिऱ्हाईक आहे आणि सरकार आहे. गहू पिकवणारा रयत त्या पहाऱ्याच्या आतही नाही आणि बाहेरही नाही.

आणि तो रयत सामान्य नव्हता. जबलपुरापासून पाटण, सिहोऱ्याकडे जो काळ्या मातीचा पट्टा पसरला आहे त्याला हवेली म्हणतात. तेथील शेतकरी शेताला चारही बाजूंनी उंच मातीचे बांध घालून पावसाळाभर पाणी शेतातच कोंडून ठेवीत. तण त्यात कुजून जाई, माती तृप्त होई, आणि आश्विनाच्या सुमारास बांध फोडून ते पाणी वरच्या शेतातून खालच्या शेतात असे क्रमाने सोडून, उरलेल्या ओलीवर गहू पेरीत. पाणी कोणी कधी सोडायचे याचा मेळ शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बसवावा लागे. एकाने घाई केली तर दुसऱ्याची पेरणी बुडे. कोणत्याही सरकारी अभियंत्याच्या आराखड्याशिवाय उभी राहिलेली ही सामुदायिक शेती-विद्या पाहून इंग्रज जमाबंदी अधिकारीही प्रभावित झाले होते. १८६७ साली अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरास पोहोचली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे तिला येथेच मिळाली, आणि तो समारंभ करण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जबलपुरास आला. त्याच्या आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारी गाठ आपल्या गावी बसली, आणि हवेलीचा गहू मुंबईच्या धक्क्यावरून सातासमुद्रापलीकडे जाऊ लागला. गंजांतील आडत्यांची भरभराट झाली. परंतु १८९३ च्या सुमारापासून अवकाळी पाऊस आणि तांबेरा यांनी ओळीने पिके नासली, आणि १८९६-९७ चा दुष्काळ या जिल्ह्यावर असा कोसळला की ज्या स्थानकावरून पोत्यांच्या राशी परदेशी गेल्या, त्याच्या आसपासच्या गावांत माणसे अन्नावाचून मेली. बाजार भरभराटीस येणे आणि पिकवणारा सुखी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या शहराने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

आपण ज्या संस्थेचे प्रमुख आहात तिच्या पूर्वज म्युनिसिपालिटीची स्थापना १८६४ ची. तिच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होती नाक्यांवरची जकात. आणि ती १९७६ साली मध्यप्रदेशात उठेपर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, शहराच्या दिव्याबत्तीचा आणि झाडलोटीचा मोठा भार वेशीतून आत येणाऱ्या मालाने उचलला. १८८३ साली खंदारीच्या जलाशयाचे पाणी नळाने शहरात आले. ज्या चौकाला आपण बडा फुहारा म्हणतो त्याच्या कारंज्याची शोभा सर्वांनी वर्णिली. तिच्या खर्चात कोबीच्या गाडीची आणि गुळाच्या भेलीची जकात मिसळलेली होती, हे कोणी लिहिले नाही. १९२३ च्या मार्चमध्ये टाऊन हॉलवर राष्ट्रध्वज चढवण्यावरून जो झेंडा सत्याग्रह येथे पेटला आणि पुढे नागपुरास गेला, किंवा १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ जो कमानिया दरवाजा उभा राहिला, त्यांची माहिती शाळेतील मुलांना असते, आणि ती असलीच पाहिजे. पण कटनीचे रायबहादुर हिरालाल, ज्यांनी 'जबलपुर ज्योति' लिहून या जिल्ह्याची ओळख लोकांना त्यांच्याच भाषेत करून दिली, त्यांच्या तोडीचा कोणी संशोधक दरवाजाखालून रोज पहाटे आत येणाऱ्या माणसांकडे अजून वळलेला नाही.

मोठ्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा मात्र झाला, आणि त्याच्या उगमाचा मान आमच्या वऱ्हाडाकडे जातो. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यापूर्वी, आणि जेथे तो लागू नव्हता तेथे त्यानंतरही कित्येक वर्षे, सौदा कसा होई ते जुन्या माणसांकडून ऐकण्यासारखे आहे. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत. बोटे दाबून भाव ठरे. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो कळायचा तो माल मोजून झाल्यावर. त्यातून हमाली, तोलाई, दलाली, नमुन्याची पसाभर मूठ, धर्मादाय, गोशाळा अशा नावांनी कपात होई. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने या प्रकारांचा स्पष्ट निर्देश करून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३५ मध्ये मध्यप्रांतात शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. आणि आजचा मध्यप्रदेश कृषी उपज मंडी अधिनियम १९७२ चा आहे. उघड लिलाव, परवानाधारक हम्माल आणि तुलैये म्हणजे तोलणारे, मालाचे पैसे त्याच दिवशी देण्याचे बंधन, आणि मंडीशुल्काचा बोजा विकणाऱ्यावर न टाकता घेणाऱ्यावर टाकणे, हे त्याचे मोठे गुण आहेत. निवाडगंजातील घाऊक उलाढाल दमोहनाक्याकडच्या मंडीच्या प्रशस्त आवारात गेली, आणि ट्रकांच्या या युगात ती जायलाच हवी होती. हिवाळ्यात पाटण-शहपुऱ्याकडून येणारा हिरवा मटार, जो 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत जबलपूरच्या नावावर लागला आहे आणि मुंबईपर्यंत जातो, त्याच्या गाड्या बडा फुहाऱ्याच्या गल्लीत कोणी आणू नयेत, हे मीही म्हणेन.

पण पोत्याने माल आणणारा गेला म्हणून टोपलीने आणणारा गेला असे होत नाही. आणि माझा सारा आग्रह या टोपलीवाल्यासाठी आहे. कार्तिकाच्या एखाद्या पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी, आपण स्वतः निवाडगंजाकडे या. बंद फळ्यांच्या ओट्यांशी गोणपाटाचा एक तुकडा अंथरून जवळपासच्या गावांतील काछी समाजातील स्त्रिया बसलेल्या असतात. पुढ्यात बथुआ, हरभऱ्याची कोवळी भाजी, मुळे, चार वांगी. भाजीवर पाणी शिंपडण्यासाठी त्यांनी घरूनच बाटली भरून आणलेली असते, कारण ज्या गल्लीच्या तोंडाशी कारंज्याचा चौक आहे त्या गल्लीत त्यांना सहज घेता येईल असा नळ नाही. तराजू हाती धरण्याचा. एका बाजूस लोखंडी वजन, आणि छटाक-पावशेराच्या हिशेबाची सवय न सुटलेल्या म्हाताऱ्या अजूनही शेवटची मूठ मापाबाहेर घालतात. दुसरीकडे ढीमर समाजातील बाया शिंगाडे घेऊन बसतात. शिंगाडा काढणे म्हणजे थंडीत छातीइतक्या पाण्यात उतरून, घड्यांच्या किंवा ट्यूबच्या आधाराने वेलीमागून वेल उलटत जाणे. उकडल्यावर साल काळी पडते आणि सोलणाऱ्याची बोटेही काळी पडतात, ती हंगाम संपेपर्यंत तशीच राहतात. ज्या तळ्यांसाठी हे शहर नावाजले गेले, ती एकामागून एक बुजत गेली तसतसा शिंगाडा शहराबाहेर लांब सरकला. आता तो सिहोऱ्याकडून येतो. नऊ-दहा वाजले की फळ्या उघडतात, आणि या बायांनी गोणपाट गुंडाळायचा असतो. दुकानदारांना मी दोष देत नाही. अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला ओटा पहाटेपुरता मोकळा दिला आहे, आणि तेही या बाजाराच्या वहिवाटीचे एक सुंदर अंग आहे. परंतु जी वहिवाट केवळ एका माणसाच्या भलेपणावर उभी असते, ती त्याने दुकान विकले की संपते. म्हणून तिला सार्वजनिक आधार हवा.

हा आधार देता येतो, याचे दाखले आहेत. अमेरिकेतील सिएटल शहरात १९०६-०७ साली कांद्याचा भाव मधल्या दलालांमुळे अनेक पटींनी चढला, तेव्हा तेथील नगरसभेने शेतकऱ्यांना थेट ग्राहकांना माल विकण्यासाठी रस्त्याचा एक भाग दिला, आणि १७ ऑगस्ट १९०७ रोजी पाईक प्लेसचा बाजार सुरू झाला. पुढे तेथील गाळ्यांपैकी फार मोठा भाग जपानी वंशाच्या शेतकऱ्यांचा होता. १९४२ मध्ये युद्धाच्या नावाखाली अमेरिकन सरकारने त्यांना शेतीवरून उचलून छावण्यांत डांबले, आणि गाळे ओस पडून बाजार खंगला, तो इतका की १९६० नंतर त्या जागी हॉटेले आणि कचेऱ्यांच्या इमारती उभारण्याचे नकाशे तयार झाले. तेव्हा व्हिक्टर स्टाइनब्रूक नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने नागरिकांना संघटित केले, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये शहराच्या मतदारांनी मतपेटीतून कौल देऊन तो परिसर ऐतिहासिक विभाग म्हणून राखला. इमारतींबरोबर त्यातील शेतकऱ्यांच्या बैठकाही राखल्या. त्याच काळी पॅरिसने उलट वाट धरली. ले आल नावाचा शतकानुशतकांचा बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजिस येथे गेला. घाऊक व्यापाराचे त्यात भलेच झाले असेल, पण १९७१ पासून तेथील विख्यात लोखंडी मंडप पाडले गेले, आणि शहराच्या मध्यभागी राहिलेला खड्डा पुढे कित्येक वर्षे फ्रेंच नागरिकांच्या हळहळीचा विषय झाला.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? पुण्याची मंडई १८८६ साली गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली. महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना मंडईच्या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले, आणि पुणेकर आजही ते नाव अभिमानाने घेतात. मला त्यांचा मूळ आक्षेप स्मरणात ठेवावासा वाटतो. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या त्या पुरुषाला माळवे घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याची दशा जितकी ठाऊक होती तितकी त्या सभेत फारशी कोणाला नसावी. भव्य छत, शिखर आणि घड्याळ यांच्या आधी त्याला त्या छताखाली बसू देणार काय, आणि किती दामाला, हा प्रश्न आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्याच यादीत जबलपूरचे नाव आले. तेव्हापासून शहराच्या मध्यभागाच्या सुशोभीकरणाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. त्या बोलण्यात फुल्यांचा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे.

तेव्हा, महापौर महोदय, आपण काय करावे अशी माझी अपेक्षा आहे ते स्वच्छ लिहितो. निवाडगंज, बडा फुहारा, गंजीपुरा आणि त्यांना लागून असलेला पहाटेचा बाजार यांची सीमा आखून त्याला २०१४ च्या कायद्याखाली वारसा-बाजार म्हणून घोषित करावे. त्या कायद्याने नगर पथविक्रय समितीत चाळीस टक्क्यांहून कमी नाहीत इतक्या जागा विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत, आणि त्यांपैकी एक-तृतीयांश स्त्रियांना. त्या जागांवर पक्क्या गाळ्यांचे धनीच येऊ नयेत, गोणपाट अंथरणारी एखादी काछी किंवा ढीमर स्त्री तेथे बसावी, याकडे आपण जातीने लक्ष द्यावे. सर्वेक्षण कराल तेव्हा ते पहाटे करावे. दुपारी बारा वाजता हाती वही घेऊन जाणाऱ्या कारकुनाला यांच्यापैकी एकही माणूस दिसणार नाही, आणि जो वहीत नाही तो कायद्याच्या लेखी नाही. पहाटेपासून निदान साडेनऊपर्यंत गल्लीचा एक ठरावीक भाग स्वतः पिकवलेला माल आणणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, तेथे पाण्याचा एक नळ, स्त्रियांसाठी एक स्वच्छतागृह आणि तपासलेल्या वजनांचा एक सार्वजनिक तराजू असावा. यासाठी एकही इमारत पाडावी लागत नाही, आणि बांधावी लागते तीही फार लहान.

इतिहासाच्या कामाविषयी माझे म्हणणे थोडे अधिक तातडीचे आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात या भागातील कित्येक जुनी घरे तडकली, कित्येक उतरवावी लागली; आणि घर उतरते तेव्हा माळ्यावरच्या वह्यांचे गाठोडेही उतरते आणि रद्दीत जाते. आडत्यांच्या जुन्या खतावण्या, हुंड्यांच्या नकला, जकातीच्या पावत्या, म्युनिसिपालिटीच्या बैठकांची इतिवृत्ते, हे सर्व ज्यांच्या-ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते नकलेसाठी महानगरपालिकेकडे आणून द्यावे, असे जाहीर आवाहन आपल्या सहीने निघाले तर लोक मनापासून प्रतिसाद देतील, याबद्दल मला शंका नाही. हम्माल, तुलैये, टोपली घेऊन येणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांच्या तोंडून ऐकून घ्यायचे ते आताच ऐकून घेतले पाहिजे. त्यांच्याकडे वही नाही, स्मरण आहे. नर्मदेच्या खोऱ्यातील मराठी अमदानीचे जे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि नागपूरच्या संग्रहांत असतील, त्यांतून सायरचे, पेठेचे आणि पांढरीचे कागद निवडून त्यांचे नागरी लिप्यंतर आणि हिंदी सारांश करण्याचे काम येथील मराठी मंडळींनी अंगावर घ्यावे. मोडी वाचणारी माणसे आमच्यात अजून आहेत, आणि शिकू इच्छिणारी तरुण मुलेही आहेत. या कामाचा मोबदला आम्हांला नको. महानगरपालिकेचे शिफारसपत्र आणि बसून काम करण्यासाठी एखादी खोली मिळाली म्हणजे पुरे.

आचार्य विनोबांनी संस्कारधानी म्हणून गौरवलेल्या या नगरीचे आपण प्रथम नागरिक आहात. आपल्या सभेच्या येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय यावा. आणि तो येण्यापूर्वी, सोयीच्या कोणत्याही पहाटे, सहाच्या सुमारास, आपण निवाडगंजाच्या तोंडाशी आलात तर तेथे बसणाऱ्या विक्रेत्यांशी आपली गाठ घालून देण्यास मी आणि माझे काही मित्र हजर राहू. दिवस तेवढा आधी कळवावा.



आपला नम्र,
जबलपूरचा एक मराठी नागरिक